वाहनावाचून बेटावर जाणाऱ्यानें मुक्काम कोठें करावा?

दिवाळीची सुट्टी जवळ आली म्हणजे भूगोलाच्या तासाला वर्गांत निराळाच रंग चढतो. भिंतीवरील नकाशा तोच असतो. परंतु विद्यार्थ्यांचीं बोटें परीक्षेंत विचारल्या जाणाऱ्या शहरांवरून घसरून नदीच्या फांट्यांवर आणि समुद्रांतील ठिपक्यांवर जाऊन थांबतात. गेल्या वर्षीं इयत्ता नववींतील एका विद्यार्थ्यानें मला विचारलें, "सर, ज्याच्या चहूंकडे पाणी आहे तेथें आमच्यासारख्यांनीं जावें कसें? आणि गेलेंच, तर राहावें कोठें?" त्याच्या वडिलांजवळ मोटार नाहीं. वर्गांतील बहुतेकांच्या वडिलांजवळ नाहीं. तास संपल्याची घंटा झाली आणि उत्तर अपुरें राहिलें. तें येथें पुरें करीत आहें.

आमचा बुलढाणा जिल्हा समुद्रापासून फार दूर. पूर्णा, पैनगंगा, नळगंगा या आमच्या नद्या. त्यांच्या पात्रांत पावसाळा सरल्यावर जे वाळूचे उंचवटे दिसतात त्यांस कोणी बेट म्हणत नाहीं. लोणार येथें पाण्यानें भरलेलें प्रचंड विवर आहे, पण त्यांत बेट नाहीं. शिवाय जिल्ह्याचें मुख्य ठाणें जें बुलढाणा, तेथें आजही आगगाडी येत नाहीं. राजूर घाट उतरून, मोताळ्यावरून मलकापूर गांठावें, तेव्हां मुंबई-हावडा मार्गाची गाडी मिळावयाची. नांदुरा, जलंब व शेगांव हीं स्थानकें त्याच मार्गावर आहेत. खामगांवकरांस जलंबपर्यंतचा 13 किलोमीटरांचा फांटा आहे. सारांश, वाहनावाचून प्रवास करणें ही आमच्याकडे हौस नसून नित्याची रीत आहे. राज्य परिवहन महामंडळानें 26 ऑगस्ट 2022 पासून 75 वर्षांवरील वृद्धांस विनामूल्य आणि 17 मार्च 2023 पासून स्त्रियांस अर्ध्या भाड्यानें प्रवासाची सोय केल्यामुळें या रीतीस चांगला आधार मिळाला आहे. मात्र ही सवलत राज्याच्या सीमेपर्यंतच असते. सीमेपलीकडील बेटाचा खर्च मांडतांना पुष्कळजण ही गोष्ट विसरतात आणि परततांना उसनवारी करतात.

ज्याच्या दारीं वाहन आहे त्याला मुक्काम म्हणजे रात्रीं निजण्याची जागा. ती चार कोस दूर असली तरी त्याचें बिघडत नाहीं. सकाळीं किल्ली फिरविली कीं काम झालें. पायीं चालणाऱ्याचें तसें नाहीं. पाण्याचा तांब्या, जेवणाची पंगत, देवदर्शन, नदीचा घाट, औषधाचें दुकान आणि परतीची मोटार या साऱ्या गोष्टी त्याच्या खोलीपासून मोजल्या जातात. म्हणून दोघांच्या हातीं नकाशा एकच असला तरी तो वाचण्याची रीत दोन प्रकारची असते. बेटाच्या बाबतींत यांत आणखी एक अडचण पडते, ती पाण्याची. मुख्य भूमीवर वाट चुकली तर माणूस थोडें अधिक चालतो. शेवटची होडी चुकली तर चालण्याचा प्रश्नच उरत नाहीं.

तेव्हां पहिला विचार खोलीचा नव्हे, उताराचा. बेटावर पाऊल कोठें पडतें? धक्का आहे, घाट आहे, कीं पूल आहे? तेथून वाहतूक किती वाजेपर्यंत चालते? आणि बेटावर रात्र काढण्याची मुभा आहे काय? मुंबईजवळील घारापुरीचें उदाहरण घ्या. लेण्यांसाठीं सारें जग तेथें जातें, गेटवेपासून होड्या सुटतात, परंतु प्रवाशानें सायंकाळीं परत फिरावयाचें असतें. तेथील गांवकऱ्यांच्या घरीं देखील समुद्राखालून वीज पोंचली ती 2018 सालीं. मालवणच्या किनाऱ्यासमोरील सिंधुदुर्ग किल्ला 1664 सालीं शिवाजी महाराजांनीं बांधावयास घेतला. त्याच्या तटाच्या आंत आजही कांहीं कुटुंबें राहतात. तरी पाहुण्यानें मुक्काम मालवणांतच, धक्क्याच्या चालत्या अंतरावर करावा हें बरें. जंजिऱ्याची गोष्ट तशीच. झोंपावयाचें मुरूड गांवीं, होडीसाठीं जावयाचें राजपुरीस. या दोन्ही किल्ल्यांकडील होड्या पावसाळ्यांत बंद असतात. म्हणून श्रावणांत सुट्टी मिळाली कीं समुद्राकडे धांवणाऱ्यानें आधीं विचारून घ्यावें. नाहीं तर किल्ला दुरून पाहून परत यावें लागेल.

आतां जें बेट आपल्या जिल्ह्यास सर्वांत जवळ, आणि ज्याविषयीं मला अनुभवानें कांहीं सांगतां येतें, त्याकडे वळतों. तें समुद्रांतील नव्हे, नर्मदेंतील. मांधाता हें त्याचें नांव. ओंकारेश्वर म्हटलें म्हणजे सर्वांस कळतें. मलकापुराहून भुसावळ सुमारें 50 किलोमीटर. तेथें गाडी बदलून बऱ्हाणपुरावरून खंडवा आणखी सुमारें 125 किलोमीटर. खंडव्याहून मोटारीनें सुमारें 70 किलोमीटर गेलें कीं नर्मदेचा दक्षिण कांठ येतो आणि समोर पाण्यांतून उठलेला डोंगर दिसतो. नदी येथें दुभंगून त्या डोंगराला दोन्ही बाजूंनीं वेढते. उत्तरेकडील प्रवाहास तेथील लोक कावेरी म्हणतात. बारा ज्योतिर्लिंगांपैकीं ओंकारेश्वराचें मंदिर बेटाच्या दक्षिण अंगास, प्रवाहाच्या वर उंचावर आहे. त्याच्या समोर, अलीकडील तीरावर ममलेश्वर. दोन तीरांस जोडणारे पायीं जाण्याचे दोन पूल आहेत, त्यांपैकीं एक झुलता. आणि घाटाघाटांवरून होड्याही चालतात. बेटास प्रदक्षिणा घालणारी वाट सुमारें सात किलोमीटरांची, चढउतारांची व पायऱ्यांची आहे. डोंगरावर आदि शंकराचार्यांची 108 फूट उंचीची मूर्ति 21 सप्टेंबर 2023 रोजीं प्रकट करण्यांत आली. तेव्हांपासून यात्रेकरूंत नुसते पाहण्यासाठीं येणारेही पुष्कळ मिसळले आहेत.

येथें येणाऱ्यापुढें प्रश्न उभा राहतो तो असा: मुक्काम बेटावर करावा कीं अलीकडच्या तीरावर? बेटावर आलों तर बेटावरच राहावें, असें मनांत येणें स्वाभाविक आहे. पहाटेची शांतता, खालीं वाहणारी नदी, काकड्याच्या वेळची घंटा. माझेंही तसेंच झालें. माझ्या वृद्ध आत्याबाईंस नर्मदेच्या स्नानाची फार दिवसांची इच्छा होती. मीं फोनवर चौकशी करून बेटाच्या चढावर, प्रदक्षिणेच्या वाटेला लागून एक खोली घेतली. "देवळापासून पांच मिनिटें, आणि गच्चींतून सारी नदी दिसते," असें मला सांगण्यांत आलें. सांगणाऱ्यानें खोटें सांगितलें असें मी म्हणणार नाहीं. तीं पांच मिनिटें त्याच्या पायांचीं होतीं, आणि तीही उतरतांनाचीं.

मोटार दक्षिण तीरावर थांबली. तेथून सामान घेऊन पुलापर्यंत चालणें झालें, पूल ओलांडणें झालें, आणि मग पायऱ्या सुरू झाल्या. आत्याबाईंचे गुडघे दुखरे. चार पायऱ्या चढाव्या, बसावें. पुन्हां चार चढाव्या. खोलीवर पोंचेपर्यंत दिवेलागण झाली. दुसऱ्या दिवशीं त्या खालीं उतरल्या, गर्दींत दर्शन झालें, पण परत चढतांना त्यांच्या डोळ्यांना पाणी आलें, तें दुखण्याचें. तिसरा दिवस त्यांनीं गच्चींत बसून काढला. मी भांडें भरून नर्मदेचें पाणी वर आणून दिलें. त्यांनीं तें डोळ्यांना लावलें आणि म्हणाल्या, "बाळ, नदी दिसते आहे रे, पण हाताला लागत नाहीं." त्या शब्दांनीं मला जें शिकविलें तें कोणत्याही प्रवासवर्णनाच्या पुस्तकानें शिकविलें नव्हतें.

पुढल्या हिवाळ्यांत आम्ही पुन्हां गेलों. या वेळीं खोली दक्षिण तीरावर, मोटारींच्या स्थानकाच्या बाजूस, तळमजल्यावर घेतली. गच्ची नव्हती; खिडकींतून दिसत होती ती समोरच्या चहावाल्याची भिंत. परंतु मोटारींतून उतरल्यावर सामान थोड्या अंतरावर ठेवून आत्याबाई लगेच आडव्या होऊं शकल्या. पहाटे ऊन येण्यापूर्वीं निघालों. येथें एक बारकावा लक्षांत ठेवण्यासारखा आहे. म्हाताऱ्या माणसांस होडी सोयीची असें सगळे म्हणतात. बसावयाचें आणि पलीकडे उतरावयाचें. पण होडीसाठीं अलीकडील घाटाच्या पायऱ्या उतराव्या लागतात आणि पलीकडील घाटाच्या तितक्याच चढाव्या लागतात. पुलाची वाट लांब, पण सपाटीची. म्हणून देवळाकडे आम्ही पुलावरून, थांबत थांबत गेलों. स्नानाचे वेळीं मात्र अलीकडच्याच घाटावर, जेथें साखळी व कठडा होता तेथें, दोघांनीं हात धरून त्यांस पाण्याशीं नेलें. त्या दिवशीं मागें चढावयाच्या पायऱ्या त्यांनीं मोजल्या देखील नाहींत. त्यानंतर त्या आणखी दोन वर्षें होत्या.

घाटाचा विषय निघाला म्हणून थोडें विषयांतर करतों, कारण तें जीविताशीं निगडित आहे. बेटाच्या वरच्या अंगास ओंकारेश्वर धरण आहे. तें 2007 सालीं पुरें झालें आणि तेथील वीजगृहाची शक्ति 520 मेगावॅट आहे. वीज उत्पन्न करतांना पाणी सोडलें जातें व खालील पात्राची पातळी एकाएकीं वाढते. पाणी सोडण्यापूर्वीं भोंगा वाजवितात. नवख्या माणसास तो कशाचा आवाज हें कळत नाहीं आणि तो खडकावर बसून राहतो. एप्रिल 2005 मध्यें, नर्मदेवरच वरच्या बाजूस धाराजी येथें यात्रेच्या वेळीं, इंदिरासागर धरणाचें पाणी अचानक आल्यामुळें अनेक यात्रेकरू वाहून गेले. म्हणून मुक्कामीं पोंचल्याबरोबर यजमानास विचारावें कीं भोंगा कोणत्या वेळीं वाजतो, आणि स्नानास कोणता घाट राखलेला आहे. पाणी वाढलें कीं होड्या थांबतात. अशा वेळीं पुलाच्या जवळ उतरलेला माणूस निश्चिंत असतो आणि केवळ होडीच्या भरंवशावर राहिलेला माणूस अडकतो.

दक्षिण तीरावर शेगांवच्या श्री गजानन महाराज संस्थानाचें भक्तनिवास आहे. आपल्या जिल्ह्यांतील लोकांस तें घरच्यासारखें वाटतें. जागा आधीं राखून मिळेल कीं पोंचल्यावर रांगेनें, हें निघण्यापूर्वीं विचारावें. श्रावणांतील सोमवार, महाशिवरात्र, सोमवती अमावास्या आणि कार्तिकी पौर्णिमा या दिवशीं कोठेंही जागा मिळणें दुरापास्त असतें. उज्जयिनीस 2016 सालीं सिंहस्थ झाला, पुढील 2028 सालीं आहे. त्या दिवसांत यात्रेकरूंचा एक ओघ ओंकारेश्वराकडेही वळतो. ज्यांचे पाय तरुण आहेत, ज्यांच्याजवळ पाठीवरची एकच पिशवी आहे आणि ज्यांस प्रदक्षिणा करावयाची आहे, त्यांनीं बेटावरील धर्मशाळेंत किंवा आश्रमांत खुशाल राहावें. पहाटेची ती वाट मी विसरलेलों नाहीं. खोली वाईट नसते. ती कोणासाठीं घेतली यावर सारें अवलंबून असतें.

गणिताच्या शिक्षकांनीं मला रागावूं नये, पण येथें एक उदाहरण सोडवून दाखविलेंच पाहिजे. समजा, चौघांचें कुटुंब आहे. घाटापासून तीन किलोमीटर दूर असलेली खोली रोज 900 रुपयांस मिळते, आणि घाटाजवळील 1,200 रुपयांस. घरांतील कर्ता माणूस म्हणतो, तीन रात्रींत 900 रुपये वांचले. आतां दूरच्या खोलीवरून सकाळीं जाणें, दुपारीं जेवणास व विश्रांतीस परतणें, सायंकाळीं पुन्हां जाणें आणि रात्रीं परतणें, अशा रोजच्या चार खेपा होतात. रिक्षावाल्यानें खेपेस 100 रुपये घेतले तर रोजचे 400 झाले. म्हणजे 900 ची खोली 1,300 ची पडली आणि तीन रात्रींत वांचण्याऐवजीं 300 रुपये अधिक गेले. खेपा वांचविण्यासाठीं दुपारीं परतणें सोडावें तर लहान मुलें उन्हांत भटकतात आणि म्हातारीं माणसें देवळाच्या ओसरींत अवघडून बसतात. ही वजाबाकी वहींत येत नाहीं. तीन किलोमीटर जर सपाट रस्त्याचें व सावलीचें असेल आणि सर्वजण चालणारे असतील, तर मात्र 900 ची खोलीच शहाणपणाची. तेव्हां आंकडे आपल्या घरच्या माणसांचे घालून हिशेब करावा, माझे घेऊं नयेत.

दुसरें बेट सांगतों तें अगदीं निराळ्या स्वभावाचें. गोव्यांत मांडवी नदीच्या पात्रांत दिवाडी नांवाचें बेट आहे. समुद्रकिनाऱ्यावरील गर्दीस कंटाळलेल्या माणसानें तें अवश्य पाहावें. भुसावळहून गोवा एक्सप्रेस मनमाड-पुण्यावरून मडगांवास जाते. पुढें पणजीवरून मोटारीनें जुन्या गोव्यास जातां येतें. कोंकण रेल्वेनें येणाऱ्यास करमळी स्थानक जुन्या गोव्याच्या जवळच पडतें. संत फ्रान्सिस झेवियर यांचें शव ज्या बॉम जेझूच्या मंदिरांत आहे, त्याच्या पलीकडे नदीकडे उतरत गेलें कीं फेरीबोटीचा धक्का येतो. या बोटींत पायीं जाणाऱ्यास भाडें पडत नाहीं, मोटारवाल्यास पडतें. वाहन नसल्याचा लाभ रोख पदरांत पडावा असे प्रसंग थोडे, त्यांतील हा एक.

दिवाडीचा इतिहासही आपल्या ओळखीचा आहे. सप्तकोटेश्वराचें मूळ देवालय याच बेटावर होतें. पोर्तुगीज अमदानींत तें पाडल्यावर देव नदीपार नार्वे येथें नेण्यांत आला, आणि तेथील मंदिराचा जीर्णोद्धार 1668 सालीं शिवाजी महाराजांनीं करविला. आज बेटाच्या टेकडीवर पिएदाद येथें मोठें ख्रिस्तमंदिर आहे आणि तेथून मांडवीचें दोन्ही बाजूंचें पाणी दिसतें. खालीं शेतें, खाजण, जुनीं कौलारू घरें. त्यांपैकीं कांहीं घरांत पाहुण्यांस ठेवतात.

परंतु येथें मुक्काम ठरवितांना मांधात्याचा धडा उलटा लावावा लागतो. मांधात्यास जें पाहावयाचें तें पुलाच्या तोंडाशीं आहे. दिवाडीचीं गांवें व वाड्या बेटभर पसरल्या आहेत आणि धक्क्याजवळ फारशी वस्ती नाहीं. खोली टेकडीवर मिळाली तर धक्क्यापासून चांगलें चालणें पडतें. बेटावर मोटारी तुरळक. यजमान सायकल देतो काय, किंवा धक्क्यावर दुचाकी घेऊन येतो काय, हें विचारणें अगत्याचें आहे. जेवण घरांत मिळेल काय हेंही विचारावें, कारण रात्रीं आठानंतर उघडें दुकान शोधत फिरण्याची ती जागा नव्हे. शेवटच्या बोटीची वेळ यजमानाकडून नव्हे, धक्क्यावरील माणसाकडून विचारून घ्यावी. ज्यांना मुख्यतः जुन्या गोव्यांतील मंदिरें पाहावयाचीं आहेत त्यांनीं पणजींत राहून बेटावर एक दिवस जावें. ज्यांना कांहींच पाहावयाचें नसून दोन दिवस स्वस्थ बसावयाचें आहे त्यांनीं बेटावर राहावें. 3 डिसेंबरच्या सुमारास, संत झेवियर यांच्या सणाच्या दिवसांत, दोन्हींकडे जागा आधींच भरलेली असते.

फोनवर चौकशी करतांना "जवळ आहे काय?" असें कधीं विचारूं नये. या प्रश्नास आजवर कोणीही "नाहीं" असें उत्तर दिलेलें नाहीं. त्याऐवजीं विचारावें कीं मोटारींतून उतरल्यावर खोलीच्या दारापर्यंत पायऱ्या किती, रस्ता डांबरी आहे कीं खडीचा, रात्रीं त्यावर दिवे असतात काय, खोली कोणत्या मजल्यावर, सामान वाहून नेणारा माणूस मिळेल काय आणि तो काय घेईल. पायऱ्यांची संख्या विचारली कीं समोरचा माणूस क्षणभर थांबतो. त्या थांबण्यांतच पुष्कळ उत्तर असतें. छायाचित्रावर विसंबूं नये. छायाचित्र खिडकींतून बाहेर काढलेलें असतें, बाहेरून खिडकीपर्यंत कसें यावें हें त्यांत नसतें. पाण्याची व शौचकूपाची सोय कोणत्या मजल्यावर आहे हें घरांतील स्त्रियांस विचारावयास सांगावें. त्या तें पुरुषांपेक्षां नेमकें विचारतात. जवळांत जवळ दवाखाना बेटावर आहे कीं पाण्यापलीकडे, हें विचारण्यास संकोच वाटूं देऊं नये, विशेषतः लहान मूल बरोबर असतां.

राहतां राहिली शेवटची रात्र. ती बेटावर काढूं नये, असें माझें मत आहे. परतीची आगगाडी पहाटेची असेल तर त्या वेळीं ना होडी असते, ना मोटार. ओंकारेश्वराहून येणाऱ्यानें आदल्या दिवशीं दुपारीं निघून खंडव्यास स्थानकाजवळ मुक्काम करावा. दिवाडीहून येणाऱ्यानें मडगांवास. आम्ही दुसऱ्या खेपेस तसेंच केलें. खंडव्याच्या त्या लहानशा खोलींत आत्याबाईंनीं ओलें लुगडें खिडकीच्या गजांवर वाळत घातलें, नर्मदेच्या पाण्याची बाटली उशाशीं ठेवली, आणि पहाटेच्या गाडीसाठीं मीं उठविण्यापूर्वींच त्या तयार होऊन बसल्या होत्या.